योगराजच्या नावाची मूठ

॥ श्री ॥
जळगाव,
रविवार, ४ फेब्रुवारी १९५१

चि. योगराज भावजी यांस पुष्पावहिनीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पावलं. त्यात आलं ते असं: अंगाचे साबण दोन, लोकरीचा गळपट्टा एक, चित्रांचं जाड मासिक एक आणि भिंतीवरचं कॅलेंडर एक. टपालवाल्याने जकातीचे दोन रुपये सहा आणे मागितले. तुमचे दादा देऊन मोकळे झाले. मी दारात असते तर आधी पार्सल उघड म्हटलं असतं, मग पैसे.

एक साबण सासूबाईंनी देवाच्या कोनाड्यात ठेवलाय, वासासाठी. दुसरा मी कापून चार तुकडे केले. कॅलेंडरावरची बाई थंड कपाट उघडून उभी आहे, आत दुधाच्या बाटल्या आणि एक अख्खी सोललेली कोंबडी. सासूबाईंनी नेमकं त्या कोंबडीवर पंचांग टांगलं. बाई दिसते, कोंबडी दिसत नाही, असं भागलं. गळपट्टा त्या गळ्यातून काढत नाहीत. त्याला फिनेलसारखा वास येतो. तिकडे दुकानात फिनेल शिंपडतात काय? दोनदा धुतला, पूर्ण जात नाही.

तुमचं पत्र आलं की दादा ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कापसाच्या जिनातून कामावरून आले की आधी चहा नाही, पत्र. समोरचे जब्बारभाई पिंजारी धनुकली खाली ठेवून येतात, त्यांची रहिमाबी भिंतीआडून ऐकते. मागच्या वेळी अंड्यांचा भाव वाचला तेव्हा जब्बारभाई म्हणाले, "भाबी, एक डझन अंड्यांत आपली एक गादी भरून निघेल. योगराजभाईला सांगा, अंडी खाऊ नका, इकडे पाठवा." मी डॉलरचे पावणेपाच रुपये धरून हिशेब केला तर ते अगदी खोटं नव्हतं.

आमच्याकडे रेशनवर तुमच्या अमेरिकेची लाल ज्वारी आली आहे. भाकरी थापताना काठाला फाटते आणि गार झाली की चामडं. देवाने दिलं ते गोड मानून खातो. शेंगदाण्याचं तेल पावणेदोन रुपये शेर झालं, म्हणून फोडणी दोन वेळची एका वेळेवर आणली.

आता मुख्य. परवा धुळ्याहून आबांचं कार्ड आलं. माझे वडील कसे आहेत ते तुम्ही जाणता, एकदा बोलले की विषय संपला. तुमचा आणि आमच्या धाकट्या कोकिळेचा साखरपुडा होऊन आता सहा महिने होतील. शिकून येतो, वर्षाचा प्रश्न आहे, असं तुम्ही सांगून गेलात. आबा विचारतात, मार्गशीर्षातला मुहूर्त धरायचा का? मी एका घरची लेक, दुसऱ्या घरची सून, दोन्हीकडून माझीच मान पकडली जाते. तारीख कळवा. नक्की नसली तर महिना कळवा.

दादांचा आशीर्वाद. सासूबाई म्हणतात, दूध पीत जा.

तुमची,
सौ. पुष्पावहिनी

*

अमेरिका,
१८ मार्च १९५१

तीर्थरूप सौ. वहिनींच्या चरणी योगराजचा साष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. अभ्यास फार आहे.

मायला सांगा, दूध पितो. पावशेराच्या चार बाटल्या रोज. दुधाची एक मोठी बाटली इथे तेवीस सेंटला पडते, पावाची लादी सोळाला. अंडी या आठवड्यात चौऱ्याहत्तर सेंट डझन, पण कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात शुक्रवारी एकोणसत्तर. साखर दहा सेंट रत्तल. कॉफी सत्त्याऐंशी, आणि त्यावरून माणसं भांडतात, जशी आपल्याकडे तेलावरून. मटणाचे भाव मी लिहीत नाही, माय ऐकत असेल. कोरियातली लढाई चालूच आहे, म्हणून सरकारने जानेवारीत भाव गोठवले. तरी बायका साखरेच्या आणि नायलॉनच्या मोज्यांच्या थप्प्या घरात भरतात. मागचं युद्ध त्या विसरलेल्या नाहीत. शाळेतल्या मुलांना भोंगा वाजला की बाकाखाली शिरायला शिकवतात, अणुबाँबसाठी. बाक लाकडी आहेत.

आमच्या इमारतीत काचेच्या दालनात एक टेलिव्हिजन आला आहे. तो म्हणजे देवघरासारखं लाकडी कपाट, पुढे काच. त्यात मंगळवारी कुस्ती, शनिवारी विनोदी नट. पण मला रेडिओवरचा एक कार्यक्रम आवडतो. दुपारी असतो. चार बायका येऊन आपापली दुःखं सांगतात. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाचा मुलगा पांगळा. जिच्या दुःखाला लोक जास्त टाळ्या वाजवतील तिला कपडे धुण्याचं यंत्र बक्षीस. हरलेल्या तिघींना काहीतरी लहानसहान देऊन पाठवतात.

बाहेर बर्फ आहे. खिडकीच्या खालच्या दोन काचा बुजल्या आहेत, वरच्या दोनांतून एक झाड दिसतं आणि त्याच्यावर बसणारा एक लाल पक्षी.

तारखेचं असं, की अभ्यासक्रम लांबण्याची शक्यता आहे. मार्गशीर्ष धरू नका. आबांना माझा नमस्कार सांगावा आणि घाई नको, एवढं तुमच्या पद्धतीने सांगावं.

आपला,
योगराज

*

॥ श्री ॥
जळगाव,
१६ मे १९५१

चि. योगराज भावजी यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं मार्चचं पत्र वाचून झालं, ओट्यावर दोनदा. रडणाऱ्या बायकांचं वाचलं तेव्हा सासूबाई आतून ओरडल्या, "रडीसन यंत्र भेटस, ते पहिलं मना नावनं लिखा!" सगळा ओटा हसला. जब्बारभाई म्हणाले, "अम्मा, तुम्ही गेलात तर बाकीच्या तिघी उठून घरी जातील."

मी हसले नाही. रागावू नका, मनात आलं ते लिहिते.

मी मॅट्रिक झाले ती फुकट नाही. तुमची पाची पत्रं समोर ठेवून वाचली. सकाळी दहाचा रेडिओ तुम्हाला ठाऊक, दुपारी तीनचा ठाऊक, रात्रीची कुस्ती ठाऊक. कॉलेजात कधी जाता? तुम्ही तेलाचं शास्त्र शिकायला गेलात. अमळनेरच्या शेटजींनी त्यासाठी भाडं दिलं. तेलाचा एक थेंब पत्रात नाही. अंड्यांचे तीन दुकानांतले भाव आहेत, पण दुकानदार काळा की गोरा, वजनात मारतो की नाही, हे एका शब्दाने नाही. चार-चार बाटल्या दूध, काचेचं दालन, दिवसभर गाणीबजावणी. भावजी, अशा सुखातून कुणी लाल ज्वारीच्या भाकरीकडे परत येत नाही. घाई नको, हे तुमचं वाक्य मी आबांना तुमच्या पद्धतीनेच सांगितलं, माझी पद्धत मला सुचेना.

अखाजीच्या सणाला धुळ्याला गेले होते. झोके, गाणी, पुरणपोळ्या, सगळं रीतीने झालं. जेवून हात धुताना आबा म्हणाले, "पुष्पा, तुझा दीर बोलतो गोड. गोड बोलणाऱ्याकडून मी कापूस घेत नाही."

कोकिळा मला विहिरीवर घेऊन गेली. ती तुमच्याबद्दल काही विचारील असं वाटलं नव्हतं. साखरपुड्यात तुम्ही तिच्याकडे एकदा पाहिलंत, तिने तुमच्याकडे एकदाही नाही. म्हणाली, "ताई, भाव पुरे झाले. त्यांना विचार, खोलीवरून कॉलेजात जाताना वाटेत काय-काय लागतं. मला तिथून चालून बघायचंय."

तेवढं तिच्यासाठी लिहा. आणि माझ्यासाठी तारीख.

तुमची,
सौ. पुष्पावहिनी

*

अमेरिका,
९ जून १९५१

ती. सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचं रागावणं वाजवी आहे. वाटेचं विचारलंत, ते लिहितो.

खोलीतून निघालं की पाच पायऱ्या. डाव्या हाताला न्हाव्याचं दुकान, बाहेर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब गोल फिरतो. न्हावी दारात उभा राहून प्रत्येकाला नावाने हाक मारतो, त्याचा एक पाय मागच्या युद्धात गेला. मग पेट्रोलचा पंप. तिथे पोरगा मोटारीची काच पुसून देतो, त्याचे पैसे वेगळे घेत नाही. पुढे सिनेमागृह, शनिवारी दुपारी मुलांची रांग असते. मग मक्याची शेतं लागतात आणि वारा आला की त्यांचा आवाज आपल्या ज्वारीसारखाच येतो. शेतांच्या कडेने रेल्वेचा रूळ. रूळ ओलांडताना इथली माणसं टोपी काढतात, का ते माहीत नाही. पलीकडे लगेच लाल विटांची इमारत.

हे तिला वाचून दाखवा.

आणखी एक. श्रावण जवळ आला. यंदा कानबाईच्या रोटाला गहू मोजाल तेव्हा माझ्या नावाची मूठ काढू नका. कारण विचारू नका.

आपला,
योगराज

*

॥ श्री कानबाई रक्षण करो ॥
जळगाव,
१ जुलै १९५१

योगराज भावजी,

हे तुम्ही काय लिहून बसलात?

तुमचे दादा नेहमीसारखे ओट्यावर वाचत होते. न्हावी झाला, पंप झाला, मक्याची शेतं झाली. रहिमाबीसुद्धा भिंतीआडून पुढे आली होती. आणि दादांच्या तोंडून ते शेवटचं वाक्य निघून गेलं. ते थांबले, पण निघून गेलेलं परत कसं घेणार? सासूबाई सुपात गहू पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"मूठ नको म्हणस तो? मंग आते तो आपला नही."

एवढं म्हणून त्या आत गेल्या. गळपट्टा काढून खुंटीला लावला. दोन दिवस अन्न घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी मी ताकाचा पेला तोंडाला लावला.

तुम्हाला रीत मी सांगायची का? घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू, त्याच्याच पिठाचा देवीला रोट. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची मूठ. तुमचे काका बारा गावं फिरत असायचे, तरी त्यांची मूठ निघायची आणि त्यांच्या वाटचा रोट भाऊ खायचा. मूठ निघत नाही ती फक्त गेलेल्याची, नाहीतर कुळ सोडून गेलेल्याची. तुम्ही जिवंत आहात, पत्र लिहिता. तेव्हा लोकांनी काय समजायचं? गल्लीने समजायचं ते समजून घेतलं. भागाबाई मला नळावर म्हणाली, "मडम गोरी आहे का हो? लेकरं कोणावर जातील?" मी घागर अर्धी भरून घरी आले.

बातमी धुळ्याला माझ्याआधी पोचली. आबांनी वरणगावचा एक मास्तर पाहिला आहे. तोताराम नाव, पहिली बायको बाळंतपणात गेली, वागणुकीचा बरा म्हणतात. कोकिळेला अजून सांगितलेलं नाही. तिला तुमची ती वाट मी कार्डावर उतरवून पाठवली होती. तिने ती पाठ केली. आईने लिहिलंय, पोरगी दळताना स्वतःशीच म्हणते, आधी न्हावी, मग पंप.

मला एकच गोष्ट हवी. तुम्ही बाटलात का? लग्न केलंत का? की आणखी काही आहे? कानबाईची आण आहे तुम्हाला, खरं लिहा. घरच्या पत्त्यावर लिहू नका, ओट्यावर वाचलं जाईल. जब्बारभाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर घाला. मी त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, "भाबी, मला मराठी वाचता येत नाही, आणि येत असतं तरी आलं नसतं."

वाट पाहते.

पुष्पावहिनी

*

अमेरिका,
२४ जुलै १९५१

ती. वहिनी,

मी बाटलो नाही. लग्न केलेलं नाही. मला क्षय झाला आहे.

इथे उतरल्यावर नव्या विद्यार्थ्यांच्या छातीचे फोटो काढतात. माझ्या उजव्या फुफ्फुसावर डाग निघाला. कॉलेजात मी जेमतेम तीन आठवडे बसलो. ऑक्टोबरपासून या आरोग्यधामात आहे. खर्च इथल्या एका धर्मादाय निधीतून चालतो. अमळनेरच्या शेटजींना कळवलं आहे, मीच त्यांना गप्प राहण्याची विनंती केली. काचेचं दालन म्हणजे आमची उन्हात पडून राहण्याची जागा. चार बाटल्या दूध म्हणजे औषध. अंडी आणि मांसाचं सूपसुद्धा औषध म्हणूनच देतात, मी डोळे मिटून पितो. गळपट्टा मी विणला. इथे पडल्या-पडल्या हातांना काम देतात. बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू वाफेत उकळून आणि औषध मारून पाठवतात, त्याचा तो वास. माय तो गळ्यात घालते हे वाचलं, आणि सगळं निर्जंतुक आहे हे ठाऊक असूनही मला रात्र काढता आली नाही.

अमेरिका मी पाहिलेली नाही, वहिनी. ऐकली आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर हॅरल्ड होता. ट्रॅक्टरच्या कारखान्यातला कामगार, चाळिशीचा, तोंडात सतत थट्टा. रोज सकाळी वर्तमानपत्र आलं की आम्ही जाहिराती उघडायचो. खेळ त्याचा. प्रत्येकाने मनातल्या दहा डॉलरांत घरचा आठवड्याचा बाजार करायचा. तो बायकोसाठी करायचा, मी जळगावच्या घरासाठी. मी साखर घेतली की तो म्हणायचा, "तुझी वहिनी कॉफी पीत नाही का?" मी म्हणायचो, ती या भावात पाणीसुद्धा पिणार नाही. तो खोकेपर्यंत हसायचा. तुम्हाला लिहिलेले सगळे भाव त्या बाजारातले आहेत.

वाटसुद्धा त्याचीच. तुमचं मेचं पत्र आलं तेव्हा मी त्याला विचारलं, घरून कारखान्यात जाताना काय लागतं? त्याने सांगितलं, मी लिहून घेतलं. न्हावी त्याचा भाऊ.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हॅरल्ड गेला. त्याच आठवड्यात मी तुम्हाला पत्र लिहिलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं, की माझ्या नावाची मूठ निघेल, तिचा रोट होईल आणि तो दादा खाईल. माझ्या नावाच्या घासाबरोबर हे दुखणं दादाच्या तोंडात जायला नको होतं. हे शास्त्रात बसत नाही, मला कळतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसतील. पण मी त्या घरात वाढलो. लोक वेगळा अर्थ काढतील, हे ध्यानातच आलं नाही.

माझं बरं आहे. नवी इंजेक्शनं देतात, ताप उतरला, वजन वाढतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सोडतील असं म्हणतात. म्हणतात.

आता मी ठरवलेलं सांगतो. साखरपुडा मोडा. कारण सांगू नका. गल्ली म्हणते तेच म्हणू द्या, योगराज मडमेच्या मागे गेला. क्षयाचं नाव निघालं तर उद्या आपल्या घरात कुणी मुलगी देणार नाही, कुणी पाणी पिणार नाही, मायच्या म्हातारपणी ओटा ओस पडेल. बदनामी मी इतक्या लांबून सोसू शकतो. तोताराम मास्तर बरा असेल तर बरंच.

हे पत्र वाचून चुलीत घाला.

योगराज

*

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥
जळगाव,
२४ ऑगस्ट १९५१

चि. योगराज भावजी यांस पुष्पावहिनीचे अनेक अनेक आशीर्वाद. शंभर वर्षांचे व्हा.

पत्र पावलं. चुलीत घातलं नाही. रागवायचं तर रागवा, पुढे वाचा.

जब्बारभाईंनी ते कापसाच्या गाठोड्यात घालून आणून दिलं. मी माजघरात बसून वाचलं. जब्बारभाई दारात उभेच होते. माझ्या तोंडाकडे पाहून एवढंच म्हणाले, "जिंदा आहे ना? मग बाकी सगळं दुरुस्त होतं." आणि निघून गेले. त्यांनी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही.

मी सुखात लोळणारा दीर म्हणून तुम्हाला टोमणे मारले. रेडिओच्या वेळा मोजल्या, पण माणूस भर दुपारी बिछान्यात का असतो, हे मला सुचलं नाही. ते असो. रडून अंगावर मांस चढत नाही.

कानबाईचा रविवार आला. आदल्या दिवशी गहू मोजायचे होते. भाऊबंद जमले होते, पाटावर ढीग, सासूबाई मोजायला बसलेल्या. थोरल्या काकांपासून सुरू झालं. दादांची मूठ निघाली. पुढे तुमचं नाव यायचं. सासूबाईंनी हात झटकला आणि पुढच्याचं नाव घेतलं. माझ्या तोंडून निघालं, "थांबा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या घरात मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. मी म्हटलं, "सासूबाई, मी देवीपुढे आण घेते. तो बाटलेला नाही. कुळ सोडलेलं नाही."

"तुले कसं ठाऊक?"

"मला पत्र आलंय. वेगळं."

"काय लिखं त्यानी?"

अंगण भाऊबंदांनी भरलेलं, भागाबाई दारात. सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. भावजी, त्या शिकलेल्या नाहीत, पण पोटच्या पोराचं त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं. हळूच म्हणाल्या, "जित्ता शे ना?"

मी मान हलवली.

"मंग मूठ काढ."

मी काढली. सव्वा मूठ, सांडली नाही.

रविवारी रोट झाले, आरती झाली. तुमच्या वाटचा रोट ताटात घेऊन दादा बसले. त्यांना काहीच ठाऊक नाही. तुम्ही लिहिलेलं माझ्या डोक्यात फिरत होतं. मी पुढे झाले, पण काय सांगून त्यांचा हात धरणार? तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या ताटातून तो रोट उचलला. "यंदा त्याना रोट मी खासू," म्हणाल्या. दादा म्हणाले, "माय, रीत भावाची आहे." त्या म्हणाल्या, "मना पोटना शे तो, तुना नही." आणि भिंतीकडे तोंड करून सगळा खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. सोमवारी कानबाई वाहत्या पाण्यात पोचवून आलो. रात्री खुंटीवरचा गळपट्टा परत त्यांच्या गळ्यात होता.

मग मी धुळ्याला गेले. तुम्ही ठरवलं होतं ते मला करता आलं असतं. आबांना सांगायचं, दीर वाया गेला, तोताराममास्तराला होकार द्या. घराची अब्रू राहिली असती आणि माझ्या बहिणीचं लग्न खोट्यावर मोडलं असतं. चाळीसगावपर्यंत मी तेच करणार होते. पुढच्या गाडीत बसले आणि होईना. बहिणीला फसवून मी कुठल्या तोंडाने कुठल्या देवीपुढे बसू?

कोकिळेला पत्र दिलं. परसात केळीखाली बसून तिने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी वाट बघत होते, रडेल म्हणून. ती भडकली.

"म्हणजे ती वाट दुसऱ्याच माणसाची होती?"

"अगं, तो आजारी आहे."

"आजारी आहेत ते कळलं. मी त्या न्हाव्याला रोज नमस्कार करत होते, ताई!"

मी म्हटलं, तुझं काय ठरतं ते सांग, मी आबांना सांभाळते. ती म्हणाली, "सगळे ठरवूनच बसलेत. आबांनी मास्तर ठरवला. यांनी मोडायचं ठरवलं, बदनामी घ्यायची तीही यांनीच ठरवली. तू काय सांगायचं ते ठरवत आलीस. जिचं लग्न तिला कुणी विचारलं?" तिच्या जागी मी असते तर क्षयाचं नाव ऐकून उठून गेले असते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

संध्याकाळी आबा ओसरीवर पान लावत होते. ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "आबा, त्यांना क्षय आहे. मडम वगैरे खोटं." आबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग जे व्हायचं ते झालं. क्षयी घरात एक लेक दिली ती पुरे, दुसरी देणार नाही. पुष्पा, तू कोणाच्या बाजूची? तुला ठाऊक होतं का? आई मध्ये पडली, तिलाही बोलले. कोकिळा खांबाला धरून उभी होती. आबा दमले तेव्हा म्हणाली, "देऊ नका. मीही हो म्हटलेलं नाही. मास्तरालाही नाही म्हटलेलं नाही. मला एक पत्र हवंय."

"कसलं पत्र?"

"त्यांचं. मला लिहिलेलं. अजून एकही आलेलं नाही."

आबा म्हणाले, लग्नाआधी मुलीला पत्र, असं आपल्यात कधी झालं नाही. ती म्हणाली, क्षयही कधी झाला नव्हता. मला वाटलं, आता हात उगारतात. त्यांनी पान तोंडात टाकलं. शेवटी म्हणाले, घटस्थापनेपर्यंत थांबतो. आलेलं पत्र आधी मी उघडणार नाही. घट बसले की वरणगावला होकार.

एवढं आबांनी देणं, म्हणजे तुम्हाला कल्पना नाही.

भावजी, तुमच्या पत्रात सगळं होतं. मायचं म्हातारपण होतं, घराची अब्रू होती, दादाचा घास होता. मुलगी मोकळी करतो, हे होतं. तुम्हाला ती हवी आहे की नको, हे एका ओळीनेही नव्हतं. मी इतकं वाचूनही ते माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. गाडीत बसवताना मला म्हणाली, "बरे होणार की नाही, हे विचारू नकोस, ते त्यांच्या हातात नाही. जे हातात आहे ते विचार."

म्हणून विचारते. हवी असेल तर तसं तिला लिहा, आजाराचं काही न लपवता. नको असेल तर तेही तुमच्या हाताने लिहा, थोरपणा न घेता. मोठं पत्र नको. भाव नको, रेडिओ नको. ती हो म्हणेलच असं मी सांगत नाही. ती घाबरली आहे, रात्री मला चिकटून झोपली होती.

दादांना मी अजून सांगितलेलं नाही. गणपती झाले की सांगेन, ओट्यावर नाही. सासूबाई विचारत नाहीत, फक्त रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात बसतात. देवापुढे दोन वेळा तुमच्या नावाने दिवा लावते. औषध म्हणून देतात ते डोळे उघडे ठेवून घ्या, देवीला कळतं.

पत्र माझ्या नावे नको, आबांच्या नावे नको. पाकिटावर कु. कोकिळा लिहा आणि धुळ्याचा पत्ता. हवाई टपालाला दहा-बारा दिवस लागतात आणि घट बसायला आता फार उरलेले नाहीत. हे वाचून संपेल त्याच दिवशी कागद घ्या. उलट टपाली लिहा.

तुमची,
सौ. पुष्पावहिनी